मोजता येईल तेवढाच नियम

एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. त्याची तपासणी अर्ध्या मिनिटात होते. पिस्तूल कॉक केलेलं (झाडायला तयार), दाबलेल्या हवेचा सिलिंडर चालू, आत छर्रा नाही. बॅरल सरळ वर धरायचं. टेबलावर 500 ग्रॅमचं वजन उभं असतं आणि त्याच्या वरच्या टोकाला एक आडवी कड असते. ती ट्रिगरच्या पात्याच्या मधोमध अडकवायची आणि पिस्तूल सावकाश वर उचलायचं. वजन टेबलापासून पूर्ण सुटलं, हवेत लटकलं आणि ट्रिगर पडला नाही, तर पिस्तूल पास. वजन सुटायच्या आत 'टक्' झालं तर नापास. तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही फसले तर बाजूला जायचं, स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा रांगेत यायचं.

या तपासणीवरून भांडण झाल्याचं क्वचितच ऐकू येतं. वजन सगळ्यांसमोर असतं, निकाल सगळ्यांना दिसतो आणि शंका असेल त्याला तेच वजन पुन्हा लावून बघता येतं. हौशी नेमबाजीतले साहित्यावरचे वाद या टेबलावर होत नाहीत. ते होतात जॅकेटच्या ताठपणावरून, बुटांच्या तळव्यांवरून, कुणाला तपासलं आणि कुणाला सोडलं यावरून. ते होतात कारण आयोजक आंतरराष्ट्रीय नियमावली जशीच्या तशी लागू असल्याचं प्रवेशपत्रिकेत छापतात आणि ती मोजायची साधनं मात्र त्यांच्याकडे नसतात. मग नियम कागदावर राहतो आणि निर्णय माणसाच्या नजरेवर येऊन ठेपतो. आमचं म्हणणं सरळ आहे: ज्या नियमाचं मोजमाप करायची सोय आयोजकाकडे नाही, तो नियम या स्पर्धेत लागू नाही असं त्याने आधीच लेखी सांगावं. आणि ज्याची सोय आहे, तो पहिल्या नेमबाजापासून शेवटच्यापर्यंत, ओळखदेख न बघता, लावावा.

यावर लगेच येणारी शंका अशी की, नियम गाळले तर ज्याच्याकडे महागडं साहित्य आहे त्याचं फावेल. शंका रास्त आहे. म्हणून आधी साहित्याने नेमका किती फरक पडतो ते बघू.

10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर 10 चं वर्तुळ म्हणजे जेमतेम 0.5 मिमीचा ठिपका. छर्रा 4.5 मिमीचा. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली की 10 मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून 2.5 मिमीच्या आत पडायला हवं. दशांश गुण लावले की हेच अडीच मिलिमीटर दहा भागांत वाटले जातात आणि एकेका दशांशाच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो. 10.9 हवे असतील तर केंद्रापासूनचं अंतर पाव मिलिमीटरच्या आत. साठ शॉटच्या मॅचमध्ये साहित्यामुळे दर शॉटला सरासरी एक दशांश जरी गेला, तरी शेवटी 6 गुणांची दरी पडते. दशांश गुणांच्या स्पर्धेत ही दरी फायनलमध्ये जाणारा आणि प्रेक्षकांत बसणारा यांच्यातली असू शकते.

पिस्तुलाचं गणित वेगळं. तिथे 10 चं वर्तुळ 11.5 मिमीचं आहे, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र 8 मिमीच्या आत आलं की 10, आणि पात्रता फेरीत गुण पूर्णांकांत मोजले जातात. छर्ऱ्यांच्या दोन लॉटमधला मिलिमीटरभराचा फरक रायफलवाल्याला रडवतो, पिस्तूलवाल्याला तो बहुधा कळतही नाही. पिस्तुलात एकच हात, खांद्याला टेकू नाही, त्यामुळे नेम जितका डोलतो तितकाच तो ट्रिगर ओढताना बिघडतो. म्हणूनच पिस्तुलाला ट्रिगरच्या किमान वजनाची अट आहे आणि एअर रायफलला ती नाही. आणि रायफलमध्ये मात्र कपड्यांवर पानंच्या पानं नियम आहेत, कारण तिथे शरीराचा डोल कमी करण्याचं काम कपडे करू शकतात. प्रत्येक नियमामागे असं कारण असतं. ते समजून घेतलं की कुठला नियम आधी मोजायचा हे ठरवणं सोपं जातं.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचचा फोटो जगभर फिरला. साधा चष्मा, टी-शर्ट, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक. साहित्य वगैरे सगळं थोतांड आहे असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. त्याने डोळ्यावरची खास भिंगं आणि झापडं टाळली होती, हातातलं पिस्तूल मात्र स्पर्धेसाठीच बनवलेलं होतं. शिवाय ती पिस्तुलाची स्पर्धा होती. रायफलच्या लाइनवर टी-शर्ट घालून उभं राहिलेल्याचं आणि जॅकेट-ट्राउझर घातलेल्याचं गणित इतकं सोपं नाही.

आता ट्रिगरकडे परत येऊ, कारण सोप्या तपासणीतही चुका होतात आणि त्या सगळ्या टाळता येण्यासारख्या असतात.

पहिली चूक म्हणजे स्प्रिंगचा काटा वापरणं. अनेक क्लबांत ट्रिगर मोजायला हातात धरायचा स्प्रिंग काटा किंवा डिजिटल गेज असतो. तो घरी ट्रिगर लावून घ्यायला चांगला आहे, निर्णय द्यायला नाही. ओढायचा कोन जरासा तिरका झाला किंवा हात जोरात चालला की आकडा बदलतो, आणि ओढणारा माणूस बदलला की पुन्हा बदलतो. लटकवायच्या वजनात हा प्रश्न येत नाही, खाली खेचायचं काम गुरुत्वाकर्षण करतं.

दुसरी चूक वजन कुठे अडकवायचं याची. ट्रिगरचं पातं वरच्या बाजूला एका पिनीभोवती फिरतं. पिनीपासून जितकं लांब वजन लावाल तितका त्याचा जोर वाढतो. म्हणून पात्याच्या खालच्या टोकाला वजन लावलं तर 520 ग्रॅमवर लावलेला ट्रिगरही पडू शकतो, आणि पिनीच्या जवळ लावलं तर 480 चाही तग धरतो. एक पंच मध्यावर लावतो, दुसरा टोकाला लावतो, आणि एकाच पिस्तुलाचे दोन निकाल येतात. पात्यावर मध्याची खूण दिसत नसेल तर आधी तो मध्य बोटाने दाखवावा, नेमबाजाची संमती घ्यावी आणि मग वजन अडकवावं.

तिसरी, बॅरल तिरकं धरणं. बॅरल उभं नसेल तर वजनाचा सगळा भार ट्रिगर ओढायच्या दिशेने पडत नाही आणि हलका ट्रिगरही पास होऊन जातो. चौथी, हवा बंद ठेवून मोजणं. प्रत्यक्ष शॉटच्या वेळी यंत्रणेवर जो ताण असतो तो तेव्हा नसतो, म्हणून मोजलेलं वजन आणि खेळताना बोटाला लागणारं वजन वेगळं निघू शकतं. नियमात सिलिंडर चालू ठेवायला सांगितलं आहे ते याचसाठी.

नेमबाजासाठी व्यवहारातला सल्ला एकच: ट्रिगर बरोबर 500 वर लावू नका. 510 ते 520 वर लावा. स्प्रिंग बसते, स्क्रू प्रवासात हलतो, आणि मॅचनंतरच्या तपासणीत 498 निघाले तर दोन ग्रॅम कमी आहेत म्हणून कुणी दया दाखवू नये. दहा-वीस ग्रॅम जास्त ओढायला बोटाला काही पडत नाही, पण मॅच गेली तर पुष्कळ काही जातं.

ट्रिगरचं वजन आणि त्याचा दांडा कुठल्याही लेथवर बनवून घेता येतो, विश्वासार्ह काट्यावर तोलून घेता येतो. पिस्तुलाच्या मापाचं खोकं, आतून 420 बाय 200 बाय 50 मिमी, लाकडात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये तयार होतं. पिस्तूल त्यात बसलं पाहिजे, जोर न लावता. इथे अडकतात ते बहुधा ग्रिपवाले: हाताच्या मापाने ग्रिपला (पिस्तुलाच्या मुठीला) लाकडी पुट्टी लावत लावत तळव्याचा भाग फुगतो आणि 50 मिमीची रुंदी ओलांडून जातो. घरी कॅलिपर नसेल तर दोन जाड पुस्तकांमध्ये पिस्तूल उभं करून पट्टीने अंतर मोजलं तरी अंदाज येतो. बाकी पिस्तुलाचे निम्मे नियम तर नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. मनगट मोकळं दिसतंय ना, त्यावर घड्याळ किंवा कडं नाही ना, ग्रिप हाताला वेढत नाही ना, बूट घोट्याच्या खाली आहेत ना. म्हणजे पिस्तुलाच्या हौशी स्पर्धेत जवळजवळ सगळे नियम खरोखर लावता येतात. ते न लावणाऱ्या आयोजकाला सबब उरत नाही.

रायफलच्या कपड्यांपाशी मात्र गाडी अडते.

नियम असा आहे की जॅकेटच्या कापडाची जाडी एकेरी 2.5 मिमी आणि दुहेरी 5 मिमीच्या वर जाऊ नये. ती मोजायचं गेज 30 मिमी व्यासाच्या दोन सपाट चकत्यांमध्ये कापड धरून 5 किलोच्या दाबाखाली मोजतं. ताठपणासाठी वेगळं यंत्र. 60 मिमी व्यासाच्या नळकांड्यावर कापड न ताणता सपाट पसरायचं आणि मधोमध 1000 ग्रॅमच्या वजनाने दाबायचं. कापड किमान 3.0 मिमी खाली गेलं पाहिजे. 2.9 आलं तर ते जॅकेट ताठ ठरतं. बुटाच्या तळव्याला 15 न्यूटन-मीटर जोर लावला की तो किमान 22.5 अंश वाकला पाहिजे. शिवाय जॅकेट बंद केल्यावर पुढचे पल्ले नेहमीच्या बटणापलीकडे किमान 70 मिमी एकमेकांवर ओढता आले पाहिजेत, म्हणजे जॅकेट पट्ट्यासारखं अंगाला आवळलेलं नाही हे कळतं.

हे आकडे उगाच आलेले नाहीत. उभ्याने नेम धरताना रायफलवाला कमरेतून मागे झुकतो, धड किंचित पिळतो आणि डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. (डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.) साडेपाच किलोपर्यंतचं वजन पाठीच्या मणक्यावर एकाच बाजूने येतं. जॅकेट जितकं ताठ, तितका हा पिळलेला मणका कापडाच्या कवचावर विसावतो आणि स्नायूंना काम कमी पडतं. स्नायू कमी थरथरले की नेम कमी डोलतो. 3.0 मिमीची अट म्हणजे या कवचावर घातलेली मर्यादा आहे.

आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. ताठपणाचं यंत्र महाग आणि नाजूक, त्यामुळे बहुतेक हौशी स्पर्धांत ते नसतं. मग काय होतं? कुणीतरी अनुभवी पंच जॅकेटची बाही दोन बोटांत धरून चुरगाळतो आणि म्हणतो, 'हे जरा कडक वाटतंय.' कापडाचा ताठपणा बोटांनी ओळखता येत नाही. 2.8 आणि 3.2 मधला फरक कुणाच्याही बोटांना कळणार नाही, कितीही वर्षांचा अनुभव असो. पंच प्रामाणिक असला तरी त्याचा निर्णय अन्यायाचाच, कारण ज्याचं जॅकेट नापास झालं त्याला तपासून बघायला हातात काहीच नाही.

बरं, यंत्र असलं तरी ते आंधळेपणाने वापरता येत नाही. एकच जॅकेट सकाळी पास आणि दुपारी नापास होतं, याचं कारण कुणाची लबाडी असेलच असं नाही. कॅनव्हास आणि कृत्रिम थर थंडीत आखडतात. वातानुकूलित हॉलमध्ये तासभर पडलेलं जॅकेट आणि अंगावरून नुकतं उतरवलेलं जॅकेट यांची मापं वेगळी येतात. घामाने भिजून वाळलेल्या कापडात मीठ बसतं आणि ते कडक होतं. म्हणून तपासणी एकाच खोलीत, एकाच तापमानाला व्हावी, आणि जॅकेट किमान अर्धा तास त्या खोलीत उघडं टांगलेलं असावं. उलट बाजूची युक्तीही सगळ्यांना ठाऊक असते: तपासणीआधी जॅकेट गुंडाळायचं, मळायचं, पायाखाली तुडवायचं, म्हणजे ते तेवढ्यापुरतं मऊ पडतं. एकदाच मोजून कायमचं सील लावण्याची पद्धत म्हणूनच पुरेशी पडत नाही. मॅच संपल्यावर पुन्हा मोजणं गरजेचं होतं.

आता त्या शंकेकडे वळू: मोजणं बंद केलं तर पैसेवाल्यांचं फावेल. प्रत्यक्षात त्यांचं फावतं ते मोजल्याचं सोंग केल्यामुळे. जुनं, चार हातांतून आलेलं जॅकेट वापरून वापरून मऊ झालेलं असतं. ते यंत्राखाली सहज पास होतं. मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे असतं ते नवंकोरं, मापाने शिवून घेतलेलं. कमाल मर्यादेचा नियम हा मुळात पैशाने किती फायदा विकत घेता येतो यावरचा लगाम आहे. तो छापून ठेवला आणि मोजला नाही, तर नियम पाळणारा साधा नेमबाज मऊ जॅकेटमध्ये उभा राहतो आणि न पाळणारा ताठ जॅकेटमध्ये, आणि दोघांच्याही नावापुढे 'नियमानुसार साहित्य' असंच लिहिलं जातं. हा लगाम धरायची ताकद नसेल तर आयोजकाने वेगळ्या वाटेने जावं.

ती वाट म्हणजे साध्या साहित्याचा स्वतंत्र वर्ग. जॅकेट नाही, ट्राउझर नाही, खास बूट नाहीत. साधा स्वेटर किंवा टी-शर्ट, नेहमीचे सपाट बूट. इथे मोजायला काही उरतच नाही, डोळ्यांनी दिसतं. अमेरिकेत मुलांच्या तीन-पोझिशन (झोपून, गुडघ्यावर बसून आणि उभ्याने) एअर रायफल स्पर्धांत असे दोन वर्ग रुळलेले आहेत, प्रिसिजन आणि स्पोर्टर. स्पोर्टरमध्ये नेमबाजीचं जॅकेट-ट्राउझर चालत नाही, रायफलचं वजन साडेसात पौंडांच्या, म्हणजे सुमारे 3.4 किलोच्या आत हवं आणि ट्रिगर किमान दीड पौंड, म्हणजे सुमारे 680 ग्रॅमचा.

या तीन अटी एकत्र आहेत याकडे लक्ष द्या. काही क्लब फक्त जॅकेटवर बंदी घालतात आणि साडेपाच किलोची रायफल तशीच ठेवतात. हे धोक्याचं आहे. जॅकेट फायदा देतं हे खरं, पण ते कमरेला आधारही देतं. वाढत्या वयाच्या मुलाने जड रायफल जॅकेटशिवाय, मागे झुकून, दिवसाला शंभर वेळा उचलली तर दुखणं कमरेत बसेल. कपडे काढले की वजनाची मर्यादाही खाली आणलीच पाहिजे. तसंच, साध्या वर्गात स्प्रिंग-पिस्टन रायफल आणि दाबलेल्या हवेची रायफल एकाच यादीत बसवू नयेत. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छर्रा बॅरलबाहेर पडायच्या आतच जड पिस्टन पुढे धावतो आणि आदळतो, रायफल पुढे-मागे उसळते, आणि ती उसळी प्रत्येक शॉटला सारखी झेलणं हेच एक वेगळं कसब आहे. दाबलेल्या हवेच्या रायफलला ती उसळी जवळजवळ नसते. एका यादीत टाकलं तर निकाल नेमबाजाचा लागत नाही.

बुटांच्या बाबतीत मात्र यंत्राशिवायही एक चांगली वाट नियमावलीतच आहे. नेमबाजाने रेंजवर नेहमीसारखं, टाच आधी आणि बोटं नंतर टेकवत चालायचं. तळवा फळीसारखा असेल तर माणूस बदकासारखा चालतो आणि ते लांबून दिसतं. अंश मोजता येत नसतील तिथे हा नियम काटेकोर पाळावा.

एक गोष्ट हौशी आयोजक सहसा विसरतात: रेंजही साहित्यच आहे. नेमबाजाच्या कापडाचा दशांश मिलिमीटर मोजायचा आणि आपलं लक्ष्य टेपने मोजायचं नाही, हे बरोबर नाही. फायरिंग लाइनपासून लक्ष्यापर्यंत 10 मीटर, पाच सेंटिमीटर इकडे-तिकडे. लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटर, तेही पाच सेंटिमीटरच्या आत. लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड. उंची चुकली की रायफलवाल्याला आख्खी ठेवण बदलावी लागते, पाय जवळ-लांब करावे लागतात, बट (खांद्याला टेकणारा भाग) वर-खाली करावी लागते, आणि सायटिंगची, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटची, वेळ त्यातच संपते. कोपऱ्यातल्या लेनवरचा एक दिवा मंद असेल तर तिथे उभ्या राहणाऱ्याला काळं वर्तुळ धूसर दिसतं, आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही, कारण त्याला वाटतं डोळे थकलेत. मॅचच्या आदल्या दिवशी लक्समीटर घेऊन प्रत्येक लक्ष्यासमोर जावं, आकडे कागदावर लिहावेत आणि तो कागद भिंतीवर लावावा.

अर्ध्या लेनवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आणि अर्ध्यांवर कागद असेल तर दशांश गुण लावूच नयेत. कागदावरचा 10.4 आणि 10.5 नजरेने ठरवणं म्हणजे पाव मिलिमीटर नजरेने ठरवणं. पूर्णांक गुण ठेवावेत आणि काठावरच्या छिद्रांसाठी प्लग गेज (छिद्रात घालून गुण ठरवायचं साधन) वापरावा. तोही एकदाच घालावा. दोनदा घातला की कागद फाटतो आणि छिद्र मोठं होतं.

छर्ऱ्यांबद्दल नियम जवळजवळ गप्प आहेत. व्यास 4.5 मिमी आणि माल मऊ, शिसं किंवा तशाच जातीचा, एवढं पुरे. डोक्याचं माप 4.49 की 4.50, कुठला लॉट, कुठल्या बॅरलला तो जुळतो, हे सगळं नेमबाजावर सोडलेलं आहे. रायफल शिकंज्यात धरून लॉट तपासण्याची सोय ज्याच्याजवळ आहे त्याला इथे उघड फायदा मिळतो. याला नियमाने आळा घालता येईल असं आम्हाला वाटत नाही. आयोजकाने साध्या वर्गात सगळ्यांना एकाच लॉटचे छर्रे द्यावेत असा उपाय सुचवला जातो, पण प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असल्यामुळे तो लॉट एखाद्याला लाभतो आणि एखाद्याला बुडवतो. त्यापेक्षा क्लबने शिकंजा विकत घेऊन सगळ्या सभासदांना खुला करावा.

तपासणीसाठी माणसं आणि वेळ नाही, ही तक्रार आपण आकड्यांत बघू. चाळीस नेमबाज, प्रत्येकाला चार मिनिटं, म्हणजे 160 मिनिटं. दोन टेबलं लावली तर 80 मिनिटं. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन तास ठेवले तर सगळं आटोपतं आणि नापास झालेल्याला दुरुस्तीला रात्र मिळते. सकाळी पहिल्या रिलेच्या (एका वेळी लाइनवर उतरणाऱ्या नेमबाजांच्या तुकडीच्या) अर्धा तास आधी तपासणी सुरू करणारे आयोजकच मग घाईत ओळखीच्यांना सोडून देतात आणि अनोळख्यांना अडवतात. मुद्दाम नाही, रांग वाढते म्हणून.

मॅचनंतरची तपासणी चिठ्ठी काढूनच व्हावी. ज्याने चांगले गुण काढले त्यालाच बोलवायचं, किंवा ज्याच्यावर प्रशिक्षकांनी बोट दाखवलं त्याला, हे बंद व्हायला हवं. दर रिलेमधून लेन क्रमांकांच्या दोन चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढाव्यात, आणि फायनलला जाणारे सगळे तपासावेत. त्यात ट्रिगर हलका निघाला तर निकाल रद्द. मुलगा नवीन आहे, चुकून झालं, म्हणून गुण ठेवले तर त्याच्या मागच्या क्रमांकावरच्या मुलावर अन्याय होतो. तोही नवीनच असतो आणि त्याने ट्रिगर नीट लावलेला असतो. पण निकाल रद्द करणं आणि लबाड ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 497 ग्रॅम हा बहुतेक वेळा निष्काळजीपणा असतो. पंचाने कागदावर आकडा लिहावा, विशेषण लिहू नये. आणि हा कठोरपणा शोभावा यासाठी आयोजकाचीही एक जबाबदारी आहे: ट्रिगरचं वजन आणि मापाचं खोकं पहिल्या दिवसापासून शेवटच्या रिलेपर्यंत सगळ्यांसाठी उघडं ठेवावं. कुणीही केव्हाही येऊन आपलं पिस्तूल लावून बघावं, नाव न विचारता.

प्रवेशपत्रिकेत मग चार ओळी पुरतात. कुठले नियम लागू आणि ते कशाने मोजणार. कुठले लागू नाहीत. तपासणी कुठे, किती ते किती. नापास झालं तर पुन्हा किती वेळा येता येईल. आसपासच्या क्लबांनी एकाच मापाची साधनं बनवून घेतली, आणि वर्षातून एकदा एकमेकांची वजनं एकाच काट्यावर तोलली, तर एका स्पर्धेत पास आणि दुसरीत नापास हा प्रकारही थांबेल.

राहिला हवेचा सिलिंडर. त्याचा निकालाशी संबंध नाही, पण तपासणीच्या टेबलावर तो सगळ्यात आधी उलटून बघावा. त्यात 200 बारपर्यंत हवा भरतात. त्यावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. ती बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. मुदत संपलेली असेल तर तो सिलिंडर लाइनवर जाऊ देऊ नये, भरूही देऊ नये, मग नेमबाज कुणीही असो आणि रिले सुरू व्हायला दोन मिनिटं का उरलेली असेनात. क्लबने आपला एक-दोन जादा सिलिंडर भरून बाजूला ठेवावेत, बसणारा असेल तर तो द्यावा आणि मॅच होऊ द्यावी.